दहावीचे वाढीव कलागुण : तबला, गाणं शिकणाऱ्या मुलांचे प्रस्ताव कुठे अडतात

दहावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्य शिकणाऱ्या मुलांना वाढीव गुण मिळतात. 24 नोव्हेंबर 2017च्या शासन निर्णयानुसार तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर 10 गुण आणि पाच असतील तर 15. पाचशेपैकी 15 म्हणजे सरळ तीन टक्के. अकरावीच्या प्रवेशात तीन टक्क्यांनी कॉलेज बदलतं. तरी दरवर्षी माझ्या क्लासमधल्या एकदोन मुलांचे गुण जातात, आणि जातात ते कागदापायी.

सगळ्यात मोठा घोटाळा ‘तीन’ या शब्दाचा आहे. पालक सांगतात, "सर, तीन वर्षं शिकतोय की!" वर्षं मोजत नाहीत, उत्तीर्ण परीक्षा मोजतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा क्रम धरला तर प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण या तीन झाल्या. पुढे मध्यमा प्रथम आणि मध्यमा पूर्ण धरून पाच. दोन परीक्षांना काहीच नाही, चार झाल्या तरी 10च. काही मुलं सुरुवातीच्या परीक्षा गाळून थेट वरची देतात. हात तयार असेल तर शिकण्याच्या दृष्टीने त्यात काही वाईट नाही, पण गुणांसाठी शाळा मंडळाकडे जो प्रस्ताव पाठवते, त्याला जोडायला प्रमाणपत्र एकच उरतं. पाचवीत प्रारंभिक देऊन दरवर्षी एक परीक्षा दिली, तर नववीत मध्यमा पूर्ण होते आणि दहावीचं वर्ष मोकळं राहतं.

दहावीच्या वर्षावर शेवटची परीक्षा ढकलू नका, हे मी हात जोडून सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राला बसलात तर निकाल हातात येईपर्यंत प्रस्तावाची मुदत संपलेली असू शकते. माझ्या एका विद्यार्थ्याचं असंच झालं. परीक्षा उत्तम झाली होती, पण त्याचे वडील प्रमाणपत्र घेऊन शाळेत पोचले तेव्हा प्रस्ताव आठवडाभर आधीच गेले होते. पोरगं माझ्यासमोर तबल्यावर हात ठेवून नुसतं बसून राहिलं.

मुदतीचंही तसंच. मंडळाच्या परिपत्रकात दोन तारखा असतात: विद्यार्थ्याने शाळेत अर्ज द्यायची आणि शाळेने विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवायची. पालकांच्या लक्षात राहते ती नंतरची. तुमची तारीख पहिली. कधीकधी मुदतवाढ मिळते, पण तिच्यावर विसंबू नका. मंडळाकडे तुम्हाला थेट अर्ज करता येत नाही, सगळं शाळेमार्फतच. म्हणून परिपत्रक शाळेच्या फलकावर लागलंच पाहिजे. ते कार्यालयातल्या फायलीत पडून राहतं आणि मुलाचे गुण जातात, हे मला कधीच पटलेलं नाही.

प्रमाणपत्र कोणाचं, हेही आधी बघा. शासनाने या सवलतीसाठी मान्य केलेल्या संस्थांचंच चालतं. गल्लीतल्या क्लासने छापलेलं रंगीत प्रमाणपत्र कितीही देखणं असलं तरी उपयोगाचं नाही. फी भरण्याआधी विचारा, "परीक्षा कुठल्या संस्थेची?"

नावाचा घोळ तर नेहमीचा. शाळेच्या रजिस्टरला वडिलांचं नाव ‘संजयराव’, संगीताच्या प्रमाणपत्रावर ‘संजय’. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. दुरुस्तीला आणि हरवलेल्या प्रमाणपत्राच्या दुसऱ्या प्रतीला वेळ लागतो, म्हणून नववीची सुट्टी लागली की सगळी प्रमाणपत्रं जमिनीवर ओळीने मांडून नावं ताडून पाहा.

लोककलेला वेगळा हिशेब आहे: 25 प्रयोगांना 5 गुण, 50 प्रयोगांना 10. पोवाडा म्हणणारी, दशावतारात उभी राहणारी मुलं प्रयोग करतात भरपूर, पण नोंद कोणी ठेवत नाही. तारीख, गाव आणि कार्यक्रम पहिल्या प्रयोगापासून वहीत लिहा. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेकडूनच घ्यावं लागतं, आणि पन्नास प्रयोग आठवून लिहून द्यायला संस्थाचालक तयार होत नाहीत. नाटकातल्या मुलांनी प्रमाणपत्रावर शाळेचं किंवा संघाचंच नव्हे, स्वतःचं नाव आहे ना ते पाहावं.

बाकी सोपं आहे. विहित नमुन्यातला अर्ज, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, पडताळणीला मूळ कागद. प्रस्ताव गेल्यावर मंडळाच्या पोचपावतीची झेरॉक्स शाळेकडून मागून घ्या. निकालात गुण दिसले नाहीत तर शाळेला त्याच कागदावर मंडळाशी बोलता येतं.