नाण्याचे लाल वळ

मूल तापलं की कंबोडियन आई त्याच्या पाठीला बाम चोळते आणि नाण्याची कड वरून खाली ओढत नेते. तांबडे पट्टे उमटले की आत साठलेला 'ख्यॉल', म्हणजे वारा, बाहेर पडला असं मानतात. अमेरिकेतल्या शाळा-दवाखान्यांत मात्र हेच वळ पाहून पोराला मारलंय असा संशय घेतला गेला. कंबोडियन-अमेरिकन आरोग्य कार्यकर्त्यांचं काम समजून घ्यायला इथूनच सुरुवात करावी लागते.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कंबोडियातल्या कट्टर कम्युनिस्ट संघटनेने राजधानी नॉम पेन्ह घेतलं. तिथल्या नववर्षाचा सण नुकताच सरला होता. शहर रिकामं करताना दवाखान्यांतले रुग्णसुद्धा खाटांसकट रस्त्यावर ढकलले गेले. जानेवारी १९७९ पर्यंत उपासमार, आजार, वेठबिगार आणि हत्या यांत पंधरा ते वीस लाख माणसं गेली. शिकलेल्यांवर विशेष रोख असल्याने डॉक्टर मोजकेच वाचले. जे जगले ते खाओ-इ-दांगसारख्या थायलंडमधल्या छावण्यांतून पुढे अमेरिकेत पोचले. त्यांतले बरेच जण कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला स्थिरावले.

जखम मात्र सोबत आली. २००५ साली लाँग बीचमधल्या कंबोडियन निर्वासितांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. येऊन दोन दशकं उलटली तरी ६२ टक्के प्रौढांमध्ये आघातोत्तर मानसिक विकार आढळला होता. पण ही माणसं डॉक्टरला 'नैराश्य' असं कुठे सांगणार? ती म्हणतात, फार विचार येतात. वारा डोक्यात चढतो, कान वाजतात, मानेतल्या शिरा फुटतील असं वाटतं. हे बोलणं शब्दशः भाषांतर करून कळत नाही. समोर त्यातून गेलेलं माणूस लागतं. नरसंहारातून वाचलेल्या थिएनवी कुओच यांनी १९८२ मध्ये कनेक्टिकटमध्ये 'ख्मेर हेल्थ अ‍ॅडव्होकेट्स' ही संस्था उभी केली ती याच गरजेतून. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 'ख्यॉल'च्या झटक्याची नोंद व्हायला २०१३ उजाडलं. मला हा उशीर फार खुपतो.

ख्मेरमध्ये, म्हणजे कंबोडियाच्या भाषेत, आरोग्याला 'सोखाफीप' म्हणतात. हा आपल्या ओळखीचाच 'सुखभाव'. लोवेलमध्ये २००० साली निघालेल्या दवाखान्याचं नावही महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत रोज कानी पडणारं आहे: मेत्ता, म्हणजे मैत्रीभाव. पाश्चात्त्य औषधांच्या जोडीने तिथे पारंपरिक उपचारांनाही जागा दिली गेली.