करकऱ्यांचे दोन भाते

थंडी पडली की आमच्या भागातल्या ग्रुपवर फोटो फिरायला लागतो, ‘धुपदाळला सैबेरियन क्रौंच आले!’ धुपदाळ म्हणजे बेळगाव जिल्ह्यातलं, घटप्रभा नदीवरचं गाव. फोटोत असतात करकरे, म्हणजे कांड्या करकोचे: राखी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढरा तुरा. सैबेरियन क्रौंच पांढराशुभ्र असतो आणि राजस्थानातल्या भरतपूरलासुद्धा तो २००२ नंतर आलेला नाही. करकरे येतात मंगोलिया, कझाकस्तानच्या गवताळ माळांवरून, त्यातले कित्येक हिमालय ओलांडून. ‘दैवी शक्तीशिवाय हे शक्य नाही’ असंही त्याच मेसेजात असतं. शक्ती आहे ती त्यांच्या छातीत, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

आपण श्वास ज्या वाटेनं घेतो त्याच वाटेनं सोडतो, म्हणून ताज्या हवेत शिळी हवा कायम मिसळते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो, तिथं हे फार महागात पडतं. पक्ष्यांची फुप्फुसं फुगत नाहीत; फुगतात त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या. लोहाराचा भाता आठवा. इथं तसे दोन आहेत, एक मागे, एक पुढे. पहिल्या श्वासात बरीचशी ताजी हवा मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासात तिथून फुप्फुसात शिरते. दुसऱ्या श्वासात ती पुढच्या पिशव्यांत सरकते आणि दुसऱ्या उच्छ्वासात बाहेर पडते. हवेच्या एका घोटाला दोन श्वास! फुप्फुसातल्या बारीक नळ्यांतून हवा सतत एकाच दिशेनं वाहते. रक्त या नळ्यांना आडवं छेदून जातं; नळीच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी जिथं जेवढा मिळेल तेवढा ऑक्सिजन उचलतं आणि पुढे एकत्र मिसळतं. त्यामुळे फुप्फुसातून निघालेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब सोडलेल्या हवेतल्यापेक्षाही जास्त असू शकतो. आपल्याला हे जमत नाही. अंगणातल्या कोंबडीला जमतं, कारण रचना सगळ्या पक्ष्यांत हीच असते. करकरे ती घेऊन नेपाळमधल्या काली गंडकी नदीच्या खोऱ्यातून हिमालय पार करतात.

जानेवारीत धुपदाळच्या बंधाऱ्यावर उभा होतो. घटप्रभेच्या या फुगवट्यावर १९७४ पासून पक्षी अभयारण्य आहे. शेजारी मेंढरं घेऊन थांबलेले धनगर मामा म्हणाले, “कालच्यापरीस आज जास्त हायती. रातभर वरडत हुती बघा.” ऊन अंगावर येताच थवा शेतांकडे उठला. बगळा उडताना मान दुमडतो, हे मात्र मान सरळ ताणून निघाले. एका जोडीच्या मधोमध फिकट डोक्याचं पिल्लू होतं, गेल्या उन्हाळ्यातलं. आईबापांच्या मागून ते इथवर आलं होतं.