निळ्या आणि लाल रेषेमधली जमीन: पूररेषांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात नदीकाठच्या बांधकामांवरचे निर्बंध आजही मुख्यतः 1989 सालच्या एका शासकीय परिपत्रकाच्या पायावर उभे आहेत. त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपतो. 1954 पासून देशात पूरनियंत्रण म्हणजे धरणं आणि तटबंध, असाच हिशोब होता. 1975 साली केंद्राने पूरमैदानांच्या, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या जमिनीच्या, क्षेत्रविभागणीसाठी कायद्याचा नमुना राज्यांकडे धाडला. तो स्वीकारण्याची सक्ती नव्हती. मणिपूरने 1978 मध्ये, राजस्थानने 1990 मध्ये, तर उत्तराखंडने थेट 2012 मध्ये कायदा केला. महाराष्ट्राने परिपत्रकावर भागवलं.

त्या परिपत्रकाने दोन रेषा दिल्या. 25 वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग (वाहणारं पाणी), यांपैकी जो मोठा, त्याची पातळी म्हणजे निळी रेषा. तिच्या आत बांधकाम निषिद्ध. 100 वर्षांतून एकदाच्या पुराची लाल रेषा. दोन्हींच्या मधला पट्टा नियंत्रित. धरणाखाली लाल रेषेसाठी सांडव्याचा (धरणातलं जादा पाणी सोडण्याच्या वाटेचा) कमाल विसर्ग आणि धरणाच्या खालच्या मुक्त, म्हणजे धरणाने न अडवलेल्या, पाणलोटातून येणारं पाणी, दोन्ही धरायचं असतं. हा दुसरा भाग आकडेमोडीत किती धरला, यावर नंतर बरेच वाद झाले.

‘25 वर्षांतून एकदा’ हे ऐकून एकदा पूर येऊन गेला की पुढची 24 वर्षं निवांत, असा समज होतो. प्रत्यक्षात तो दरवर्षीचा 4 टक्के धोका आहे. 30 वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास जाते, लाल रेषेपर्यंत येण्याची साधारण 26 टक्के. तीही जुन्या नोंदींवरून काढलेली. पावसाची तऱ्हा बदलली, वरच्या अंगाला डांबर-काँक्रीट वाढलं, तर नकाशावरची रेषा तिथेच राहते आणि पाणी पुढे येतं.

खरा वादाचा निर्णय मधल्या पट्ट्याचा. विकास नियंत्रण नियमांनी तिथे बांधकामाला मुभा दिली. अट एवढीच, की जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर वर हवं. शिवाय बाधित जमिनीचं चटईक्षेत्र, म्हणजे तिच्यावर मिळणारं बांधकामाचं क्षेत्रफळ, त्याच भूखंडाच्या उरलेल्या भागात वापरता येतं. जमीनमालकावर अन्याय नको, हा त्यामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण जोतं उचलायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी भराव आला. भरावाने इमारत वाचते, पाण्याची जागा जाते. ते पाणी समोरच्या काठावर नाहीतर खालच्या गावात चढतं. पूररेषा नदीसाठी आखली गेली आणि वापरली गेली ती बांधकाम परवान्यासाठी, असं म्हटलं तर ते फार कडवट ठरू नये. कृष्णाकाठच्या मळीच्या (नदीच्या गाळाच्या) रानांत पूर्वी पीक बुडायचं आणि त्या बदल्यात गाळ मिळायचा. तिथे प्लॉट पडल्यावर तोच पूर आपत्ती ठरला.

दरम्यान 2000 साली नदीकाठच्या उद्योगांसाठी नदी नियमन क्षेत्राचं वेगळं धोरण आलं, 2009 मध्ये सुधारलं गेलं आणि 2015 मध्ये रद्द झालं. त्याचा रोख प्रदूषणावर होता, तरी काठापासून अंतर राखायला लावणारा तो एक अडसर होता.

2005, 2019, 2021 असे 16 वर्षांत तीन मोठे पूर कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याने पाहिले. 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. त्यानंतरची चर्चा बराच काळ कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाभोवती फिरली. अलमट्टीकडे बोट दाखवणं सोपं होतं, आपल्या हद्दीतल्या भरावांकडे दाखवणं अवघड. पुण्यात जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून सुमारे 35,000 क्युसेक विसर्ग होताच सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तेव्हा रेषा कुठे आखल्या होत्या आणि आत बांधलं कुणी, हे दोन्ही प्रश्न एकदम वर आले. रेषा नव्याने आखण्याची मागणी तेव्हापासून जोरात आहे. 45 सेंटिमीटरच्या अटीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.