नेतृत्वाची सवय 21 दिवसांत लागते का?

सलग 21 दिवस पाळली की कोणतीही सवय अंगवळणी पडते आणि माणूस उत्तम नेता होतो, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. हा आकडा 1960 च्या एका पुस्तकातला. शस्त्रक्रियेने बदललेला चेहरा रुग्णाला आपलासा वाटायला किमान 21 दिवस लागतात, असे निरीक्षण त्यात होते. पुढे लंडनमधील एका अभ्यासात खाण्यापिण्याच्या व व्यायामाच्या साध्या सवयींनाच साधारण 66 दिवस लागल्याचे आढळले, व्यक्तीगणिक अंदाज 18 ते 254 दिवसांचा होता आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, म्हणून बाविसाव्या दिवशी खचून जाण्याचे कारण नाही.

याचा पडताळा मासेमारीच्या होडीवरही घेता येतो. जाळे टाकण्यापूर्वी खलाशांचे म्हणणे पूर्ण ऐकायचे, असे तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, ठरवले, तर ते मुद्दाम न आठवता घडले त्या तारखेवर कॅलेंडरात खूण करावी आणि खुणा सलग पडू लागेपर्यंतचे दिवस मोजावेत.