जे छापून आलं नाही

1942 सालच्या सुरुवातीची गोष्ट. गिओर्गी फ्ल्योरॉव्ह हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा सोव्हिएत हवाई दलात लेफ्टनंट होता आणि व्होरोनेझ शहरात त्याची नेमणूक होती. युद्धामुळे तिथलं विद्यापीठ दुसरीकडे हलवलेलं, पण ग्रंथालयात परदेशी विज्ञान नियतकालिकांचे अंक शिल्लक होते. फ्ल्योरॉव्ह ते चाळत बसला, कारण त्याला आपल्याच कामाचा माग काढायचा होता. 1940 मध्ये त्याने आणि कॉन्स्टंटिन पेत्र्झाकने मॉस्कोच्या भुयारी रेल्वेस्थानकात, अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा त्रास टाळून, एक प्रयोग केला होता. युरेनियमचं केंद्रक क्वचित बाहेरचा न्यूट्रॉन न आदळताही आपणहून फुटतं, हे त्यांनी दाखवलं. अमेरिकेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त त्याची छोटी टीप छापून आली होती. त्यावर कोण काय म्हणतंय, ते फ्ल्योरॉव्हला बघायचं होतं.

कुणीच काही म्हणत नव्हतं. आणि हे त्याच्या शोधापुरतं नव्हतं. 1939 मध्ये युरेनियमच्या विखंडनावर, म्हणजे केंद्रक फुटण्यावर, निबंधांचा पाऊस पडला होता, आता त्या विषयावर एक ओळ नाही. त्या पावसातली मोठमोठी नावंसुद्धा पानांवरून नाहीशी झालेली. फ्ल्योरॉव्हने त्या मौनाचा बरोबर अर्थ लावला: अमेरिकेत बॉम्बचं काम सुरू आहे. एप्रिलमध्ये त्याने थेट स्टालिनला पत्र लिहिलं.

शीतयुद्धाची कहाणी आपण सहसा पोलंड, फाळणी झालेली जर्मनी आणि 1947 च्या मार्शल योजनेपासून ऐकतो. त्याआधी 1917 पासूनचं भांडवलशाही आणि साम्यवादाचं वैर असतंच. ते सगळं खरं आहे. पण मला वाटतं, त्या अविश्वासाचं एक मूळ या कोऱ्या पानांमध्येही आहे आणि त्याकडे आपलं पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

कारण लपवायचं होतं ते मुळात निसर्गाचं वागणं होतं. युरेनियम-235 च्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की त्याचे दोन तुकडे होतात, ऊर्जा बाहेर पडते आणि सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रकं फोडतात. पुरेसं युरेनियम-235 एकत्र असेल तर ही साखळी सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात भडकते. विखंडनाचा शोध 1938 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये लागला आणि काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांना कळला. बॉम्ब बांधण्याचं तंत्र गुप्त ठेवता येतं, न्यूट्रॉनचं वागणं कसं ठेवणार?

हे सर्वांत आधी ज्याला स्वच्छ दिसलं, तो डेन्मार्कचा भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर. त्याचं म्हणणं असं की रशियाला बॉम्ब तयार होण्याआधीच विश्वासात घ्या, नाहीतर युद्ध संपताच शस्त्रस्पर्धा सुरू होईल. त्याला बॉम्बचे आराखडे द्यायचे नव्हते. असं काम चालू आहे एवढं सांगून नियंत्रणाची बोलणी सुरू करावीत, इतकीच त्याची मागणी होती. 16 मे 1944 रोजी तो चर्चिलना भेटला आणि ती भेट पार फसली. ऑगस्टमध्ये रूझवेल्टनी त्याचं आपुलकीने ऐकून घेतलं. पण सप्टेंबरात रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी मिळून एक टिपण केलं: हा विषय कमालीचा गुप्त राहील आणि बोरकडून माहिती फुटत तर नाही ना, याची चौकशी व्हावी. माहिती तेव्हा फुटतच होती, पण ती क्लाउस फुक्सकडून. हा जर्मन वंशाचा भौतिकशास्त्रज्ञ ब्रिटिश पथकातून लॉस अलामॉसला, अमेरिकेच्या गुप्त बॉम्ब-प्रयोगशाळेत, पोचला होता आणि 1945 मध्ये त्याने प्लुटोनियम बॉम्बची रचना सोव्हिएत हस्तकाच्या हाती दिली.

म्हणून 24 जुलै 1945 चा, जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या शिखर बैठकीतला प्रसंग मला इतका अस्वस्थ करतो. बैठक उठल्यावर अमेरिकेचे नवे अध्यक्ष ट्रूमन स्टालिनकडे गेले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, आमच्याकडे असाधारण संहारक शक्तीचं नवं अस्त्र आहे. ‘अणू’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. स्टालिननी शांतपणे समाधान व्यक्त केलं. त्यांना काही कळलंच नाही, असं ट्रूमनना वाटलं. स्टालिनना सगळं ठाऊक होतं, शिवाय मित्रराष्ट्र आपल्यापासून ते लपवतंय हेही ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी शहाणपणाची एक संधी आली. 14 जून 1946 रोजी अमेरिकेच्या बर्नार्ड बारूख यांनी संयुक्त राष्ट्रांत योजना मांडली: जगातलं युरेनियम आणि थोरियम एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ताब्यात द्यायचं, नियम मोडणाऱ्याला शिक्षा करायची आणि तिथे कुणाचा नकाराधिकार चालणार नाही. (थोरियम म्हटलं की त्रावणकोरची मोनाझाइट वाळूही त्यात आली.) ही व्यवस्था नीट उभी राहिली की मग अमेरिका आपले बॉम्ब मोडणार. पाच दिवसांनी सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिको यांनी उलटा क्रम सुचवला, आधी बॉम्ब नष्ट करा, मग तपासणीचं बोलू. आधी कुणी करायचं, यावरच घोडं अडलं. बोलणी चालू असताना जुलैत अमेरिकेने बिकिनी बेटांवर आणखी दोन बॉम्ब फोडले. 1 ऑगस्टला झालेल्या कायद्याने तर अणुमाहिती ब्रिटनलाही मिळेनाशी झाली.

आता 3 सप्टेंबर 1949. जपानहून अलास्काकडे निघालेलं अमेरिकी हवाई दलाचं एक विमान सुमारे 18 हजार फुटांवरून उडत होतं. वाटेतल्या हवेतली धूळ गाळून घेणारा एक कागद त्यावर बसवला होता. परतल्यावर तो किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राखाली धरला, तर मिनिटाला 85 टिकटिक. 50 च्या वर गेलं की सावध व्हायचं, असा नियम होता.

त्या धुळीला बोलतं केलं रसायनशास्त्रज्ञांनी. विखंडनातून जन्मणारे समस्थानिक, म्हणजे मूलद्रव्यांचे वेगवेगळ्या वजनाचे प्रकार, वेगवेगळ्या गतीने क्षय पावतात. बेरियम-140 जवळपास 13 दिवसांत निम्मं उरतं, सेरियम-144 ला त्यासाठी नऊ महिन्यांहून जास्त लागतात. दोघांचं आजचं प्रमाण कळलं की मागे हिशेब करत जन्मतारीख काढता येते. अणुभट्टीतून आलेल्या धुळीत जुने-नवे तुकडे मिसळलेले असतात, इथे मात्र सगळे एकाच क्षणी जन्मलेले. म्हणजे स्फोटच, आणि तोही प्लुटोनियमचा. सोव्हिएत बॉम्ब 29 ऑगस्टला कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्कजवळ फुटला होता. मॉस्कोने तो जाहीर केला नव्हता, तरी 23 सप्टेंबरला ट्रूमननी जगाला सांगितलं. अमेरिकी बॉम्बप्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी रशियाला वीस वर्षं लागतील असा अंदाज केला होता. लागली चार.

31 जानेवारी 1950 रोजी ट्रूमननी हायड्रोजन बॉम्बच्या कामाला मंजुरी दिली. 9 जूनला बोरने संयुक्त राष्ट्रांना खुलं पत्र लिहून खुल्या जगाची आपली जुनी मागणी पुन्हा मांडली. 25 जूनला कोरियात युद्ध पेटलं.