जबाब द्यायचा कोणाला? सॉलिडमधल्या पहिल्या तत्त्वाची पार्श्वभूमी

१९६७ मध्ये नॉर्वेतल्या सिम्युला या प्रोग्रामिंगच्या भाषेत क्लास (माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधणारा कोडचा साचा) आणि इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेणं) आले, सत्तरच्या दशकात स्मॉलटॉक या भाषेने ते पुढे नेले. तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ज्यांना आज आपण एका दमात ‘सॉलिड’ (पाच इंग्रजी नावांची आद्याक्षरं) म्हणतो ती सॉफ्टवेअरच्या रचनेची पाच तत्त्वं एका डोक्यातून निघालेली नाहीत. मूळ टाइपच्या जागी त्याचा सबटाइप (त्यातून काढलेला उपप्रकार) बिनबोभाट चालला पाहिजे, हा विचार १९८७ च्या एका व्याख्यानातला. ‘विस्ताराला मोकळं, बदलाला बंद’, म्हणजे जुनं कोड न बदलता नवं जोडता यावं, हे १९८८ च्या पुस्तकातलं. नव्वदच्या दशकात एका अमेरिकन सल्लागाराने सी प्लस प्लसच्या मासिकात लेख लिहून त्यांची मोट बांधली, आणि अक्षरांची जुळणी २००४ च्या सुमारास दुसऱ्याच कोणी करून दिली. आपल्याकडे पोरं परीक्षेसाठी आधी ती अक्षरंच पाठ करतात.

खरा घोळ पहिल्या तत्त्वाचा, म्हणजे ‘एकच जबाबदारी’चा. ‘क्लास बदलायला एकच कारण असावं’ ही त्याची व्याख्या. पण कारण कशाला म्हणायचं? बहुतेकांनी ‘एक क्लास, एक काम’ असा अर्थ लावला. यवतमाळकडच्या एका जिनिंगचं कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर आम्ही असंच फोडलं. एका पावतीचे अकरा क्लास झाले आणि हमालीचा दर बदलला की चार फाइली उघडाव्या लागत.

२०१४ मध्ये त्याच सल्लागाराने खुलासा केला, की कारण म्हणजे बदल मागणारी माणसं. माझ्या मते ही उशिरा दिलेली कबुलीच. बदलू शकणारा निर्णय मॉड्यूलच्या (कोडच्या स्वतंत्र तुकड्याच्या) आत लपवावा, हे १९७२ च्या एका निबंधात जास्त स्वच्छ सांगितलं होतं. मराठीत तर ते शब्दातच आहे. जबाबदारी म्हणजे जबाब द्यायचा, पण कोणाला? सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. हे बघतो ग्रेडर. कास्तकाराचा चुकारा (मालाचे पैसे) खात्यात गेला की नाही, ते बघतो मुनीम. दोघांच्या मागण्या कधीच एका दिवशी येत नाहीत.

अकराचे शेवटी तीन क्लास केले: काटा, ग्रेडिंग, चुकारा. हमालीचं मात्र अजून ठरत नाही. मापारी म्हणतो काट्यात टाका, मुनीम म्हणतो चुकाऱ्यातून कापायची तर तिथंच ठेवा.