विंडरश योजना: 1973 पूर्वी ब्रिटनला गेलेल्या भारतीयांसाठीही

22 जून 1948 रोजी ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे प्रवासी इंग्लंडमधल्या टिलबरी बंदरात उतरले. ब्रिटनमधल्या वास्तव्याच्या हक्काचे कागद देणाऱ्या तिथल्या सरकारच्या योजनेला या जहाजाचं नाव असल्यामुळे ती फक्त जमैकासारख्या बेटांवरच्या लोकांसाठी आहे, असा समज होतो. तो चुकीचा आहे. राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा माणूस अर्ज करू शकतो, म्हणजे भारतीयही.

महायुद्धानंतर ब्रिटनला इस्पितळांत, गिरण्यांत, बस-रेल्वेत माणसं हवी होती. राष्ट्रकुलाच्या नागरिकांना तिथे जाऊन राहण्याची मोकळीक होती. 1962 पासून ती आवळत गेली. 1971 चा इमिग्रेशन कायदा 1 जानेवारी 1973 ला लागू झाला, तेव्हा आधीच स्थायिक झालेल्यांचा हक्क शाबूत राहिला. पण त्याचा कागद अनेकांना मिळालाच नाही. पुढे नोकरी, घर, उपचार, सगळीकडे पुरावा मागू लागले. आईवडिलांच्या पासपोर्टवर लहानपणी आलेल्यांकडे तर काहीच नव्हतं, आणि जहाजातून उतरल्याच्या नोंदींची जुनी कार्डं 2010 मध्ये गृहखात्यानेच नष्ट केली होती. आयुष्यभर कर भरलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढलं. हा उघड अन्याय होता. 2018 मध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला आणि ही योजना आली.

पात्रतेत मुख्य तारीख 1 जानेवारी 1973 हीच. त्याआधी स्थायिक होऊन सलग तिथेच राहिलेले राष्ट्रकुलाचे नागरिक पात्र आहेत. त्यांची मुलं तिथे जन्मलेली किंवा अठरा वर्षांच्या आत आलेली असतील, तर तीही. 31 डिसेंबर 1988 पूर्वी येऊन स्थायिक झालेल्या इतर कुठल्याही देशाच्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. मध्ये दोन वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिल्यामुळे हक्क गेला असेल, तरी अर्जाचा मार्ग आहे.

अर्ज ऑनलाइन, शुल्क नाही. बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. कधी आलात आणि तिथेच राहत होतात, हे दाखवणारं जे हाताशी असेल ते जोडा: शिक्का असलेला जुना पासपोर्ट, शाळेची नोंद, पगाराच्या पावत्या, नॅशनल इन्शुरन्सची (तिथल्या सरकारी सामाजिक विम्याची) नोंद, डॉक्टरकडचे कागद, भाडेकरार. एखाद्या वर्षाचा कागद सापडत नाही म्हणून थांबू नका. कर आणि पेन्शन खात्यांच्या नोंदी गृहखातं स्वतः तपासतं.

ब्रिटिश नागरिकत्व घ्यायचं की फक्त वास्तव्याचा दाखला, हे मात्र नीट विचार करून ठरवा. ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. हवं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड) काढता येतं.

या अन्यायामुळे झालेल्या नुकसानाच्या भरपाईचा अर्ज वेगळा असतो. तोही विनामूल्य आहे, आणि सोसणारी व्यक्ती हयात नसेल तर तिच्या वारसांतर्फे मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याला तो करता येतो.